शंभर जणांना एकच ईमेल: बीसीसी नेमकं कसं वापरायचं

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, क्लासच्या पालकांना सुट्टीची सूचना, चाळीस उमेदवारांना ‘मुलाखत पुढे ढकलली आहे’ असा निरोप. अशा मेलमध्ये चूक बहुतेक एकच होते: घाईघाईत सगळे पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये चिकटवले जातात. मग ए विंगमधल्या सभासदाचा खासगी पत्ता बी विंगमधल्या विमा एजंटाच्या हाती लागतो. उमेदवारांना आपल्याबरोबर आणखी कोण रांगेत आहे ते कळतं, आणि त्यात एखाद्याचा सध्याच्या कंपनीतला सहकारीही निघू शकतो. वर कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ दाबून ‘ओके, नोटेड’ लिहितं, दुसरा कुणी ‘कृपया सगळ्यांना रिप्लाय करू नका’ हे सगळ्यांनाच रिप्लाय करून सांगतो, आणि दिवसभर मोबाइल वाजत राहतो.

यावर उपाय बीसीसी (ब्लाइंड कार्बन कॉपी), म्हणजे मिळणाऱ्यांची नावं एकमेकांना न दाखवता प्रत पाठवायची ओळ. वापरायला दोन सेकंदांचं काम आहे, पण ते काय झाकतं आणि काय झाकत नाही याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. म्हणून आधी तेवढं नीट पाहू.

कोणाला काय दिसतं

‘टू’मध्ये तो, ज्याने मेल वाचून काही करायचं आहे. ‘सीसी’मध्ये तो, ज्याला नुसतं माहीत असावं, सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ म्हणून नावं असतात, तोच प्रकार. ती नावं पत्र मिळालेला प्रत्येकजण वाचतो. बीसीसीतल्या माणसालाही हेच पत्र जातं, फक्त त्याचं नाव त्या यादीत नसतं.

त्यामुळे ‘टू’ आणि ‘सीसी’तल्यांना बीसीसीत कोण आहे ते दिसत नाही, तिथे कुणी आहे की नाही हेही कळत नाही. बीसीसीतल्या माणसाला ‘टू’ आणि ‘सीसी’ची पूर्ण यादी दिसते, पण बीसीसीतले बाकीचे दिसत नाहीत. पाठवणाऱ्याच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये मात्र सगळी नावं राहतात. तो मेलबॉक्स कार्यालयात तिघे मिळून वापरत असतील तर तिघांनाही ती दिसतात, आणि कंपनीच्या खात्यावर ॲडमिनलाही पाहता येऊ शकतात. बीसीसीची झाकपाक फक्त मेल मिळणाऱ्यांपुरती आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

उत्तरांचं गणित वेगळं. ‘टू’मधल्या कुणी ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी बीसीसीतल्यांना ते उत्तर जात नाही. पण बीसीसीतल्या माणसाने स्वतः ‘रिप्लाय ऑल’ केलं, तर ते पाठवणारा, ‘टू’ आणि ‘सीसी’ अशा सगळ्यांकडे जातं आणि तो लपून बसला होता हे उघड होतं.

हे चालतं कसं? मेल पाठवताना तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरला दोन गोष्टी वेगवेगळ्या देतो. एक, हा मेल कुठल्या कुठल्या पत्त्यांवर पोचवायचा त्याची यादी. तंत्राच्या भाषेत याला एन्व्हलप म्हणतात. दुसरी, खुद्द मेल, ज्याच्या डोक्यावर ‘फ्रॉम, टू, सीसी, सब्जेक्ट’ या ओळी असतात. पोचवण्याचं काम पहिल्या यादीवरून होतं. वाचणाऱ्याला दिसतात त्या दुसऱ्यातल्या ओळी. बीसीसीचा पत्ता पहिल्या यादीत जातो आणि दुसऱ्यातून गाळला जातो. एवढंच.

हे गाळण्याचं काम करायचं कुणी, इथेच घरगुती सॉफ्टवेअर घसरतं. ईमेलचं आजचं मानक, २००८ सालचं आरएफसी ५३२२, बीसीसीची ओळ हाताळण्याच्या एकापेक्षा जास्त पद्धती मान्य करतं. जीमेल, आउटलुक यांची काळजी नको. पण संस्थेसाठी कुणी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून दिली असेल तर तपासा: एसएमटीपीलिब (smtplib) या लायब्ररीतलं ‘सेंड_मेसेज’ बीसीसीची ओळ काढून टाकतं, ‘सेंडमेल’ मात्र दिलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतं. मजकुरात बीसीसीची ओळ लिहिलेली असेल तर ती अख्खी यादी प्रत्येकाच्या हाती जाते.

बटण कुठे आहे

कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये नवा मेल उघडा आणि ‘टू’च्या ओळीत क्लिक करा. त्याच ओळीच्या उजव्या टोकाला ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ दिसतात. क्लिक करेपर्यंत ते दिसत नाहीत, म्हणून अनेकांना सापडत नाहीत. शॉर्टकट कंट्रोल-शिफ्ट-बी, मॅकवर कमांड-शिफ्ट-बी. कर्सर मेलच्या चौकटीत असला पाहिजे, नाहीतर क्रोममध्ये याच शॉर्टकटने बुकमार्कची पट्टी उघडते-मिटते. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये ‘टू’च्या ओळीच्या उजवीकडचा खाली वळलेला छोटा बाण दाबा.

जुन्या आउटलुकमध्ये नवा मेल उघडून वरच्या ‘ऑप्शन्स’ टॅबमध्ये बीसीसी चालू करायचं. एकदा केलं की पुढच्या प्रत्येक नव्या मेलमध्ये ओळ दिसत राहते. नव्या आउटलुकमध्ये आणि वेबवर ‘सेटिंग्ज, मेल, कम्पोज अँड रिप्लाय’मध्ये बीसीसी कायम दाखवण्याचा पर्याय आहे. तो लावून टाका. ओळ डोळ्यासमोर असली की विसरायला होत नाही. आयफोनच्या मेल ॲपमध्ये ‘सीसी/बीसीसी’ लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं की ती उलगडते. थंडरबर्डमध्ये ‘टू’ आणि ‘सीसी’त मिळून बरेच पत्ते झाले (मूळ सेटिंगनुसार १५) की खाली इशारा येतो आणि सगळे पत्ते बीसीसीत हलवायचं बटणही तिथेच मिळतं. ही सोय सगळ्यांनीच द्यायला हवी होती.

एक नोटीस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा ८४ फ्लॅटची सोसायटी आहे आणि सचिवांना वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मेल करायची आहे. क्रम असा ठेवा, आणि तो मोडू नका.

१. आधी विषय आणि मजकूर लिहा, पीडीएफ जोडा. पत्त्यांच्या तिन्ही ओळी रिकाम्या ठेवा. पत्ताच नसेल तर चुकून ‘सेंड’ दाबलं गेलं तरी मेल जाणार नाही.

२. ‘टू’मध्ये सोसायटीचाच पत्ता टाका. ‘टू’ रिकामा ठेवूनही जीमेल मेल पाठवतं, पण तेव्हा मिळणाऱ्याला ‘अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स’ असं काहीतरी दिसतं आणि मेल संशयास्पद वाटतो. एक युक्ती: कॉन्टॅक्टमध्ये सोसायटीचा पत्ता ‘सर्व सभासद’ या नावाने जतन करा. मग ‘टू’च्या ओळीत ‘सर्व सभासद’ असं छान दिसतं.

३. आता बीसीसी उघडा आणि पत्ते तिथे टाका. एक्सेलमधला पत्त्यांचा रकाना कॉपी करून जीमेलच्या बीसीसीत चिकटवला की प्रत्येक पत्ता वेगळा होतो. जुनं आउटलुक अर्धविराम मागतं; स्वल्पविरामाने तोडलेली यादी चिकटवली तर ते अडतं. एक्सेलमध्येच फाइंड-रिप्लेस करून घ्या, किंवा आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये स्वल्पविराम चालेल अशी खूण करा.

वरचेवर पाठवायचं असेल तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘सभासद २०२५’ असं लेबल करून सगळ्यांना त्यात घाला. कॉम्प्युटरवर बीसीसीच्या ओळीत लेबलचं नाव टाइप करायला लागलं की पूर्ण यादी भरली जाते. फ्लॅट विकून गेलेल्यांची नावं दरवर्षी काढायला मात्र विसरू नका. सोसायटीच्या थकबाकीची चर्चा जुन्या मालकाला तीन-तीन वर्षं मेलवर मिळत राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

४. ‘सेंड’आधी नजर पत्त्यांवर. पत्त्यांची ओळ मिटलेली असताना वरवर सगळं सारखंच दिसतं, म्हणून तिच्यावर क्लिक करून ती उलगडा. ‘टू’समोर एकच नाव आणि ‘सीसी’ रिकामी, हे डोळ्यांनी बघा. लांबलचक यादी ‘बीसीसी’ शब्दाच्या पुढेच आहे ना?

मजकुराच्या शेवटी एक ओळ जरूर घाला: ‘ही नोटीस सर्व ८४ सभासदांना पाठवली आहे; प्रत्येकाचा पत्ता खासगी राहावा म्हणून यादी दाखवलेली नाही. उत्तर फक्त समितीला मिळेल.’ ही ओळ नसेल तर सभासदाला वाटतं मेल आपल्या एकट्यालाच आला, आणि तो फोन करून विचारतो की नोटीस बाकीच्यांना दिली का. नमस्कारही ‘सभासदहो’ असाच हवा. ‘प्रिय पाटील साहेब’ लिहून बीसीसीत ८४ जण ठेवले तर ८३ जण बुचकळ्यात पडतील.

मेल गेल्यावर तासाभरात परत आलेले मेल बघा. ‘ॲड्रेस नॉट फाउंड’ आलेले पत्ते बहुधा ‘gmail’च्या स्पेलिंगमधल्या चुकीमुळे किंवा ‘.com’ऐवजी ‘.con’ झाल्यामुळे अडकलेले असतात. वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते, म्हणून मेल सभेच्या जेमतेम १६ दिवस आधी न पाठवता आणखी चार-पाच दिवस हातात ठेवून पाठवा. परत आलेल्यांच्या दारात कागद नेऊन द्यायला वेळ राहतो. कोणाकोणाला पाठवलं याचा पुरावा म्हणून ‘सेंट’मधला तोच मेल उघडून पत्त्यांची ओळ उलगडा आणि स्क्रीनशॉट दफ्तरात ठेवा. मागाहून शोधायचं झालं तर जीमेलच्या शोधात ‘bcc:’ लिहून पुढे पत्ता द्या.

कुठे अडतं आणि का

मर्यादा. साध्या जीमेल खात्यावरून एका मेलमध्ये ५०० पर्यंत पत्ते चालतात आणि दिवसाची मर्यादाही ५०० च्या आसपासच आहे. ‘टू’, ‘सीसी’, बीसीसी सगळे मिळून मोजतात. ओलांडली की खातं १ ते २४ तास मेल पाठवू देत नाही, आणि नेमकं तेव्हाच बँकेला उत्तर द्यायचं असतं. थंडरबर्डसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅममधून जीमेल वापरत असाल तर एका मेलला १०० पत्त्यांची मर्यादा धरा. मर्यादेला खेटून कधीच जाऊ नका. ५०-६० पत्त्यांच्या खेपा करा, दोन खेपांत थोडा वेळ जाऊ द्या.

स्पॅम. ज्या मेलच्या ‘टू’मध्ये मिळणाऱ्याचं नाव नाही आणि जो एका दमात शेकडो जणांना जातो, तो स्पॅम फिल्टरला खटकतोच. त्यात विषय ‘अर्जंट!!!’ आणि मजकुरात नुसती लिंक असेल तर बोलायलाच नको. विषयात सोसायटीचं नाव आणि तारीख लिहा. पहिल्यांदा पाठवताना सभासदांना व्हॉट्सॲपवर कळवा की स्पॅममध्येही बघा आणि तिथे असेल तर ‘नॉट स्पॅम’ दाबा.

ग्रुपचा पत्ता बीसीसीत. मेलमन हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जुन्या मेलिंग लिस्ट, ज्यांच्यावर अनेक माजी विद्यार्थी संघ आणि परदेशातली मंडळं चालत आली, त्यांच्यात एक सेटिंग असतं: लिस्टचा पत्ता ‘टू’ किंवा ‘सीसी’त दिसत नसेल तर मेल मॉडरेटरकडे अडवून ठेवायचा. पाठवणारा म्हणतो मेल केला, लोक म्हणतात आला नाही, आणि मेल मॉडरेटरच्या रांगेत पडून असतो. लिस्टचा पत्ता ‘टू’मध्येच घाला. लिस्टवर कोण कोण आहे ते तसंही मेलमध्ये दिसत नाही.

जोडलेली फाइल. पत्ते बीसीसीत घालून त्याच मेलला ‘सभासद यादी – फोन – ईमेल – थकबाकी’ असं एक्सेल जोडलं तर केलेलं सगळं पाण्यात. एक्सेलमधली लपवलेली शीटही कुणालाही दोन क्लिकमध्ये उघडता येते. गूगल शीट नावानिशी सगळ्यांशी शेअर केली असेल तर शेअरिंगच्या यादीत पत्ते दिसू शकतात. गूगल कॅलेंडरच्या निमंत्रणात तर बीसीसी नसतंच. तिथे ‘सी गेस्ट लिस्ट’समोरची खूण काढायची.

साहेबांना गुपचूप बीसीसीत ठेवू का?

नको. कार्यालयात बीसीसीचा सर्वांत जास्त गैरवापर हाच आहे: सहकाऱ्याला कडक मेल लिहायचा आणि साहेबांना बीसीसीत ठेवायचं. साहेब मोबाइलवर मेल बघतात, आपण बीसीसीत आहोत हे त्यांच्या लक्षात येत नाही, ते ‘रिप्लाय ऑल’ करून ‘गुड, कीप मी पोस्टेड’ लिहितात. आउटलुकच्या नव्या आवृत्त्या अशा वेळी इशारा देतात, पण बोट इशाऱ्यापेक्षा चपळ असतं. साहेबांना कळलंच पाहिजे असेल तर उघडपणे सीसीत ठेवा. ते शक्य नसेल तर मेल आधी पाठवा आणि ‘सेंट’मधून वेगळा फॉरवर्ड करा, वर एक ओळ लिहून. फॉरवर्डला त्यांनी ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी उत्तर तुमच्याकडेच येतं.

याउलट बीसीसीचा एक सभ्य उपयोग फारसा कुणी करत नाही. तुमच्या मैत्रिणीने मेलवर तुमची ओळख एखाद्या प्रकाशकाशी करून दिली. उत्तर देताना प्रकाशक ‘टू’त, मैत्रीण बीसीसीत, आणि पहिलीच ओळ: ‘ओळख करून दिल्याबद्दल मीनलचे आभार, पुढच्या मेलांचा त्रास नको म्हणून तिला बीसीसीत घेतलं आहे.’ तिला कळतं की बोलणं सुरू झालं, आणि त्यानंतरची तारखा ठरवण्याची वीस उत्तरं तिच्याकडे जात नाहीत. इथे काही लपवलेलं नाही, हे महत्त्वाचं.

आपसात बोलून ठरवायचं असेल, म्हणजे कार्यकारिणीचे नऊ जण, प्रोजेक्टवरचे सहा जण, तिथे बीसीसी वापरूच नका. नवव्या माणसाला बाकीच्यांची मतंच दिसणार नाहीत आणि तुम्ही पोस्टमन होऊन बसाल.

जिथे बीसीसीवर भिस्त ठेवायची नाही

यादीत नाव असणं हीच माहिती नाजूक असेल, तर बीसीसी पुरेसं नाही. कारण तंत्रात नाही, माणसात आहे: बीसीसी आणि सीसी शेजारी शेजारी आहेत, आणि थकलेला माणूस कधीतरी चुकतोच.

ब्रिटनमधल्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या नोंदी यासाठी वाचण्यासारख्या आहेत. २० सप्टेंबर २०२१ रोजी तिथल्या संरक्षण मंत्रालयाने, तालिबानची सत्ता आल्यावर अफगाणिस्तानातून बाहेर काढायच्या लोकांना एक मेल पाठवला, पत्ते ‘टू’मध्ये. २४५ जणांचे पत्ते एकमेकांना दिसले, त्यातल्या ५५ जणांच्या प्रोफाइलवर फोटोही होते. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केलं आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत तेही लिहिलं. मंत्रालयाला डिसेंबर २०२३ मध्ये ३ लाख ५० हजार पौंड दंड झाला. त्याआधी एचआयव्ही स्कॉटलंड या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये १०५ जणांना मेल पाठवताना बीसीसीऐवजी सीसी वापरलं. ६५ जण पत्त्यातल्या नावावरून ओळखू येत होते. दंड १०,००० पौंड. संस्थेने सुरक्षित सामूहिक मेलची सोय आधीच विकत घेतलेली होती आणि तरी जुनी पद्धत चालूच होती, यावर आयुक्तालयाने बोट ठेवलं. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दवाखान्याचे रुग्ण, समुपदेशन केंद्राकडे आलेले लोक, तक्रारदार, थकबाकीदार, नोकरीचे उमेदवार यांच्यासाठी मेल मर्ज वापरा. त्यात प्रत्येकाला स्वतंत्र मेल जातो, ‘टू’मध्ये फक्त त्याचंच नाव असतं, त्यामुळे चुकायला जागाच राहत नाही. गूगल वर्कस्पेसच्या ठरावीक योजनांमध्ये ‘टू’च्या ओळीतच मेल मर्जचं चिन्ह आहे; फुकटच्या जीमेलमध्ये ते नाही. वर्डच्या ‘मेलिंग्ज’ टॅबमधून जुन्या आउटलुकमार्फतही करता येतं, पण तिथे फाइल जोडता येत नाही, म्हणून पीडीएफ ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी लागते. आधी स्वतःच्याच दोन-तीन पत्त्यांवर चाचणी घ्या. जीमेलमध्ये आलेल्या मेलच्या तीन टिंबांखाली ‘शो ओरिजिनल’ आहे. ते उघडून कंट्रोल-एफने दुसऱ्या पत्त्याचा शोध घ्या. सापडला नाही म्हणजे काम झालं. हीच चाचणी बीसीसीलाही लागू आहे.

चुकून सीसीत गेलंच तर

पहिले काही सेकंद सोन्याचे. जीमेलचं ‘अनडू सेंड’ मुळात ५ सेकंदांवर असतं. सेटिंग्जमधल्या ‘जनरल’मध्ये जाऊन ते आजच ३० वर न्या. आउटलुकचं ‘रिकॉल’ एकाच संस्थेच्या एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टची कार्यालयीन मेल सेवा) खात्यांपुरतं चालतं. जीमेल-याहूवर गेलेला मेल त्याने परत येत नाही.

वेळ निघून गेली असेल तर त्याच मेलला ‘रिप्लाय ऑल’ करून माफी मागू नका. तीच यादी पुन्हा सगळ्यांपुढे जाते. नवा मेल, पत्ते बीसीसीत, आणि मजकूर थोडक्यात: काय झालं, कोणती माहिती दिसली, मूळ मेल उत्तर न देता डिलीट करावा, पत्ते कुठेही जतन करू नयेत, शंका असल्यास अमुक क्रमांकावर फोन करावा. यादी नाजूक असेल तर मेलची वाट न बघता ज्यांना जास्त धोका आहे त्यांना आधी फोन करा, आणि संस्थेत माहिती-सुरक्षेचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच तासात कळवा. मूळ मेल ‘सेंट’मधून उडवू नका, कोणाकोणाला काय गेलं याची तेवढीच नोंद तुमच्याकडे असते.